बाई चुकल्या होत्या

बातमी आली तेव्हा मी हातमोजे चढवत होते. सकाळचे साडेनऊ, टेबलावर एक पहिलटकरीण, कळा जोरात, आणि यादम्मा दारात येऊन नुसतीच उभी राहिली. यादम्मा म्हणजे आमच्या नर्सिंग होममधली सगळ्यात जुनी आया. ही बाई दारात नुसती उभी कधीच राहत नाही. जे सांगायचं ते चालता चालता, बादली उचलता उचलता सांगते. त्यामुळे तिच्या उभं राहण्यावरूनच मला समजलं. "अम्मा गुजर गए, मेडम," ती म्हणाली. मी म्हटलं, "बरं." नुसतं बरं! आणि समोरच्या पोरीला सांगितलं, आता श्वास सोड, पुढच्या कळेला जोर लाव... पाऊण तासानं तिला मुलगी झाली, खणखणीत रडली. मग मी शेजारच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसले आणि त्या मुलीपेक्षा मोठ्यानं रडले. नंतर चार जणांनी मला विचारलं, तुम्ही लगेच कशा निघाला नाहीत? अहो, टेबलावरची बाई टाकून मी धावले असते, तर आमच्या बाईंनी गेल्या-गेल्या परत येऊन माझा कान धरला असता.

बाई म्हणजे डॉ. इंदुमती भालकीकर. अंबरपेठेत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं बारा खाटांचं नर्सिंग होम. घराणं भालकीकडचं, शेतीवाडीचं. आजोबांच्या वेळी निजामाच्या राज्यात हैदराबादेत आलेलं. गल्लीतल्या तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या सगळ्या त्यांना अम्मा म्हणायच्या, आम्ही मराठी माणसं बाई म्हणायचो. मी मलकपेठेत वाढलेली, डॉक्टर झाले आणि सत्ताविसाव्या वर्षी त्यांच्या हाताखाली आले. त्याला तीस वर्षं झाली. बाई चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेल्या, झोपेत गेल्या, त्रास झाला नाही. छान गेल्या, सगळे म्हणाले. मला त्यात छान काही वाटलं नाही. मला त्या अजून हव्या होत्या.

तेराव्यानंतरच्या रविवारी शोकसभा झाली. आपली मराठी मंडळी होती, गल्लीतले दुकानदार होते, बाईंच्या हातावर जन्मलेली आणि आता स्वतःचं पोट सुटलेली कितीतरी माणसं होती. एकेक जण उठून बोलत होता. सोन्याचे हात म्हणाले, साक्षात देवी म्हणाले, इथपर्यंत मी सोसलं. मग एक गृहस्थ उठले, खिशातून कागद काढला आणि वाचलं की चाळीस वर्षांत बाईंच्या हातून एकही चूक घडली नाही. सगळ्यांच्या माना डोलल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठले आणि माईक न घेताच म्हणाले, "हे खोटं आहे. बाई चुकल्या होत्या. त्यांनी स्वतः मला सांगितलंय, आणि एकदा नाही, शंभरदा सांगितलंय."  कुणीतरी माझा पदर धरून मला खाली बसवलं, जसं काही मला वेडाचा झटका आलाय.

बाहेर पायऱ्यांवर श्रीधरनं मला गाठलं. श्रीधर बाईंचा एकुलता मुलगा, कुकटपल्लीला राहतो, एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. पोरगा चांगला आहे, आईचं सगळं मनापासून केलं त्यानं. पण नर्सिंग होमच्या दारावर तो संगमरवरी पाटी लावणार आहे आणि त्या पाटीवर हीच ओळ येणार आहे, चाळीस वर्षं आणि एकही चूक नाही. "शोभामावशी, आजच्या दिवशी काय गरज होती?" तो म्हणाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची." मी म्हटलं, "तुझ्या आईनं ती मूठ जन्मभर उघडी ठेवली, आणि तू ती आता झाकतोस होय रे?"  मग त्याला आठवलं की मी वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी बाईंवर लेख लिहिणार आहे. "त्यात हे नको," म्हणाला. मी म्हटलं, त्यात हेच असणार. तेव्हा त्यानं शांतपणे एक वाक्य टाकलं. "मावशी, ती चूक आईची असेल, पण बाळ कुणाचं होतं? त्यांना विचारलंस?"

नव्हतं विचारलं. त्याच्या या प्रश्नानं मला पुढे कुठं नेलं ते सांगतेच, पण आधी ती चूक काय होती ते सांगते. कारण बाईंनी मला कामावर घेतलं त्या दिवशी आधी तीच सांगितली होती, लेबर रूम नंतर दाखवली.

मी त्या दिवशी चांगली तोऱ्यात गेले होते. नवी इस्त्रीची साडी, पर्समध्ये युनिव्हर्सिटीचं सुवर्णपदक. खरंच, दाखवायला म्हणून पदक नेलं होतं मी! बाईंनी ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "सुरेख आहे. घरी ठेव. इथं दिवसभर हात धुवावे लागतात." मग समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "माझ्याकडं काम करायचं तर मी कुठं चुकले ते आधी ऐकून घे. मग ठरव राहायचं का."

गोष्ट माझ्याही आधी दहा-बारा वर्षांची. नर्सिंग होम नवं होतं, सोनोग्राफी गावात एखाद्या ठिकाणी असेल-नसेल. पाळी शेवटची कधी आली ते विचारायचं, नऊ महिने सात दिवस मोजायचे आणि तारीख काढायची, एवढंच हातात. इंग्रजी तारीख कुणाला आठवायची नाही. बायका सणांवरून, तिथीवरून सांगायच्या. बेगम बाजारातल्या एका मारवाडी घरातली वीस वर्षांची सून आली, सरोज तिचं नाव. सोबत सासू. बाईंनी विचारलं, शेवटची पाळी कधी? सासू म्हणाली, सावन बदी दूज. बाईंनी लगेच लिहून घेतलं, श्रावण वद्य द्वितीया, आणि हिशेब करून बाळंतपणाची तारीख सांगितली.

आता नीट ऐका. आपला महिना अमावस्येला संपतो. तेलुगू लोकांचाही तसाच. उत्तरेकडच्या मंडळींचा महिना पौर्णिमेला संपतो. म्हणून आपली गोकुळाष्टमी श्रावणातली आणि त्यांची तीच जन्माष्टमी भादव्यातली. दिवस एकच, महिन्याचं नाव वेगळं. आपल्याकडं श्रावणाचा वद्य पक्ष राखीपौर्णिमेच्या नंतर येतो, त्यांच्याकडं राखीच्या आधी. म्हणजे सासूनं सांगितलेली दूज बाईंनी धरली त्यापेक्षा अख्खा एक महिना आधीची होती. सरोजचे दिवस बाईंच्या कागदापेक्षा एका महिन्यानं पुढं गेलेले होते. हैदराबादेत वाढलेल्या माणसाला हे माहीत नसतं का? बाईंना माहीत होतं. दरवर्षी शेजारच्या मारवाड्यांकडची जन्माष्टमीच्या प्रसादाची पंजिरी खायच्या त्या. "माहीत होतं शोभा, पण सुचलं नाही," त्या म्हणाल्या. "माहीत नसतं तर मी स्वतःला माफ केलं असतं."

वैशाखाच्या कडक उन्हात सरोज आली आणि म्हणाली, "डॉक्टरनी साब, मेरे दिन पूरे हो गए." बाईंनी कागद पाहिला, म्हणाल्या, अजून वेळ आहे. पोट चाचपलं तर हाताला मोठं लागलं. त्यावर म्हणाल्या, बाळ गुटगुटीत दिसतंय. आठ दिवसांनी सरोज पुन्हा आली, पुन्हा तेच म्हणाली. बाईंनी पुन्हा कागदच पाहिला... पोरीचं ऐकलं नाही, स्वतःच्या हाताचंही ऐकलं नाही, ऐकलं ते स्वतःच्या अक्षराचं. तिसऱ्यांदा ती आली ती बाळ हलत नाही म्हणून. ठोके लागले नाहीत. बाळ झालं तेव्हा पाणी हिरवं होतं, बाळाची कातडी सुटायला लागली होती, नखं बोटांच्या पुढं वाढलेली होती. वेळेआधी आलेल्या बाळाची नखं अशी नसतात. दिवस उलटून गेलेल्या बाळाची असतात. बाईंनी ती नखं पाहिली, तशाच बाहेर गेल्या आणि सासूला विचारलं, ती दूज राखीच्या आधी की नंतर? सासू म्हणाली, "पहले. राखी पे मायके गई तब तो दिन चढ़ गए थे."

एक प्रश्न! राखीच्या आधी की नंतर, एवढा एकच प्रश्न. तो तीन महिने आधी विचारला असता तर बाळ वाचण्याची आशा होती. हे मला बाईंनी सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज हलला नाही की डोळे भरले नाहीत. मीच रडवेली झाले होते. "मग तुम्ही त्यांना सांगितलंत?" मी विचारलं. "म्हणजे काय? न सांगून कुठं जाणार होते?" असं म्हणून बाई उठल्या आणि मला लेबर रूम दाखवायला निघाल्या. बाईंच्या घरी त्यांच्या सासऱ्यांनी, नवऱ्यानं हातापाया पडून विनवलं होतं की सांगू नकोस, त्यांना काय कळतंय, देवाची मर्जी म्हणून त्यांनी सोडून दिलंय. नर्सिंग होम बुडेल. बाई तरीही बेगम बाजारात गेल्या होत्या, एवढंच मला माहीत होतं. पुढं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या दिवसापासून आमच्याकडं पाळीची तारीख विचारली की लगेच दुसरा प्रश्न ठरलेला, कोणत्या सणाच्या आधी आणि कोणत्या सणाच्या नंतर? बतुकम्माच्या आधी? रमजानच्या नंतर? आज सोनोग्राफी आहे, मोबाइलवर दिवस मोजणारी ॲप आहेत, तरी माझ्या ज्युनिअर मुली हा प्रश्न विचारतात आणि हसतात. हसू द्या. पण विचारायचा.

आणि त्यातूनच शनिवार सुरू झाला. दर शनिवारी दुपारी चार वाजता ओपीडी संपली की बाईंच्या खोलीत सगळे जमायचे. डॉक्टर, नर्स, आया, झाडूवाली, सगळे. चहा आणि उस्मानिया बिस्किटं. एकच प्रश्न, या आठवड्यात मला काय कळलं नाही? आधी बाई स्वतः सांगणार, मग बाकीचे. नियम एकच, 'पण' म्हणायचं नाही. चूक सांगताना माणूस पहिल्या वाक्यात चूक सांगतो आणि दुसऱ्या वाक्यात 'पण' म्हणून ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

माझा पहिला मोठा शनिवार मला आजही आठवला की कानशिलं गरम होतात. तिसऱ्या बाळंतपणाची एक बाई आली होती, म्हणाली, बाळ निघालंय, आता ठेवून घ्या. मी तपासलं आणि सांगितलं, कळा खऱ्या नाहीत, घरी जा, उद्या या. घर मलकपेठेत. रेसकोर्सच्या भिंतीपाशी ऑटोतच ती बाळंत झाली! ऑटोवाल्यानं स्वतःच्या गळ्यातल्या रुमालात मुलगा गुंडाळून परत आणला. दोघंही ठणठणीत, देवाची कृपा. शनिवारी मी तोंड उघडलं, "तिला मी परत पाठवलं, पण तपासताना..." बाईंनी नुसतं बोट वर केलं. मी पुन्हा सुरू केलं, "पाठवलं, पण तीसुद्धा..." पुन्हा बोट वर. तिसऱ्या वेळी यादम्मालाच माझी दया आली. "मेडम, बोल डालो एक दफा, फिर बिस्कुट खाओ," ती म्हणाली. सगळे हसले, मला मात्र हसता येईना. शेवटी बोलले. दोनदा बाळंत झालेल्या बाईला तिच्या पोटातलं माझ्या बोटांपेक्षा जास्त कळतं, हे मला कळलं नाही. बाईंनी बिस्किटांची बशी माझ्याकडं सरकवली. सुवर्णपदक मिळालं तेव्हा जेवढं हलकं वाटलं नव्हतं तेवढं त्या दिवशी वाटलं, आता त्याला काय म्हणायचं ते म्हणा.

कुणाला वाटेल, ही म्हातारी जुन्या चुका उगाळत बसायची. नाही हो! तिला शिकायची इतकी हाव होती की आम्हाला लाज वाटायची. पासष्टाव्या वर्षी सोनोग्राफी शिकायला त्या एका नातीच्या वयाच्या रेडिओलॉजिस्टशेजारी वही घेऊन बसल्या. ती पोरगी बिचारी घाबरायची, आणि बाई तिला "मॅडम, हे परत दाखवता का?" म्हणायच्या. अगदी अलीकडं, काम थांबवल्यावरसुद्धा, पुण्याहून आलेली आयटीतली एक मुलगी बाकावर बसली होती तर तिचा मोबाइल मागून घेतला आणि त्या ॲपमध्ये बाळाची हालचाल कशी नोंदवतात ते अर्धा तास विचारून घेतलं. ती मुलगी मला विचारते, त्या आजी कोण आहेत? मी म्हटलं, विद्यार्थिनी आहेत.

आणि त्यांनी हात कसा थांबवला, तेही लोकांना माहीत असायला हवं. कुणी म्हणतं, थकल्या, कुणी म्हणतं, मुलानं काम करू दिलं नाही. दोन्ही खोटं. वयाच्या सत्तरीला बाईंनी यादम्माला एकटीला बोलावून सांगितलं होतं की माझ्या हाताकडं लक्ष ठेव, आणि ज्या दिवशी बदल दिसेल त्या दिवशी शनिवारी बोल. डॉक्टर बोलणार नाहीत, ते माझी भीड धरतील. वर्षभरानं एका शनिवारी यादम्माची पाळी आली. ती बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली... मग म्हणाली, "अम्मा, आपका हात हल्लू हो गया." हात मंदावलाय.  मी बोलायला तोंड उघडलं, तर बाईंचं बोट वर. "बरोबर," त्या म्हणाल्या. "मला मंगळवारी वाटलं होतं. मीच बोलायला हवं होतं, तेवढं चुकलंच." त्यानंतर बाईंनी एकही बाळंतपण स्वतःच्या हातानं केलं नाही. त्या दिवशी यादम्मा मागच्या अंगणात जाऊन हमसून हमसून रडली आणि बाई तिच्याजवळ बसून तिचा चहा तिला पाजत होत्या. सांगा मला, असं एक तरी मोठं माणूस तुमच्या पाहण्यात आहे का, ज्यानं आपल्या आयेला हा अधिकार दिला? आणि तुम्ही त्यांना देवी म्हणता. देवीला काय, तिला कुणी सांगायला जात नाही की हात मंदावला.

मागं एक सल्लागार आले होते नर्सिंग होमची घडी बसवायला. शनिवारचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. हे बंद करा म्हणाले, उद्या कोर्टात अंगाशी येईल. मी त्यांना चहा दिला, बिस्किट दिलं आणि दारापर्यंत पोचवलं. शनिवार चालू आहे. ज्याला यायचं त्यानं यावं.

शेवटची भेट कुकटपल्लीला श्रीधरच्या घरी झाली, जाण्याआधी पंधरा दिवस. बाई खिडकीपाशी पलंगावर टेकून बसल्या होत्या. मनगटं काडीसारखी झाली होती, नजर मात्र तीच. मी बसते न बसते तोच म्हणाल्या, "या आठवड्यात काय कळलं नाही?" मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, "काही नाही बाई, सगळं व्यवस्थित झालं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "म्हणजे लक्ष नव्हतं तुझं," म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून पडल्या. अशी रागावून गेली माझी बाई! मला अजून झोंबतं ते.

तर श्रीधरचं वाक्य डोक्यात घेऊन मी सोमवारी नर्सिंग होममध्ये गेले आणि जुने केसपेपर उपसायला लागले. सरोज बेगम बाजारात नेमकी कुठं राहते, आहे की नाही, मला काही माहीत नव्हतं. यादम्मा फरशी पुसत होती. "किसको ढूंढ रए, मेडम?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती पोतेरं न थांबवता म्हणाली, "वो बेगम बाजार वाले? उनकी बहू की डिलिवरी तो तुम्हारे हात से हुई ना." मी बघतच राहिले. चार वर्षांपूर्वी मी त्या बाईची नात माझ्या हातांनी बाहेर काढली होती, आजीच्या हातात दिली होती, पेढा खाल्ला होता आणि मला पत्ता नव्हता!

बेगम बाजारात भांड्यांच्या दुकानाच्या वर त्यांचं घर. सरोजजी आता साठी ओलांडलेल्या, केस पांढरे, गुडघे धरून चालणाऱ्या. मी नाव सांगितलं तर म्हणाल्या, "जानती हूँ. आप उनकी शोभा." मला बसवलं, पाणी दिलं. मग मी विचारलं, बाई इथं आल्या होत्या तेव्हा काय झालं? त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्यांदा बाई आल्या, उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, चूक माझी आहे, तुमच्या सुनेची नाही, देवाचीही नाही. सासूनं दार लावून घेतलं. महिन्यानं पुन्हा आल्या. त्या वेळी सासू देवळात गेली होती आणि दार सरोजजींनी उघडलं. "मैं फिर उनके पास नहीं गई," त्या म्हणाल्या. "मेरे दोनों बच्चे दूसरी जगह हुए. मन नहीं हुआ. मगर बेटी को उन्हीं के यहाँ भेजी, बहू को भी भेजी." मी विचारलं, का? त्यांनी जरा विचार केला. "दूसरे डॉक्टर भी अच्छे थे. मगर उनकी गलती मेरे को मालूम नहीं थी. इनकी मालूम थी."

मग मी कशाला आले ते सांगितलं. म्हटलं, मला हे छापायचं आहे. तुम्ही नको म्हणालात तर एक अक्षर लिहिणार नाही, लेखच देणार नाही. आणि हे मी खरंच ठरवून गेले होते. शोकसभेत गरजणारी मी, सरोजजींपुढं परवानगी मागत होते. त्या म्हणाल्या, काय लिहिणार ते ऐकवा. मी सांगायला लागले, तीस वर्षं प्रत्येक नव्या मुलीला सांगते तसंच, घडाघडा. बेगम बाजारातली एक सून, सावन बदी दूज, एका महिन्याचा फरक, हिरवं पाणी, वाढलेली नखं... त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या. मी थांबले. त्यांनी पदरानं ओठ पुसले आणि विचारलं, "और उसका नाम?"

मला प्रश्नच समजला नाही. मी म्हटलं, कुणाचं?

"मेरे बेटे का," त्या म्हणाल्या. "मोहन नाम था. पेट में था तब से मैं मोहन बुलाती थी. किसी ने नहीं पूछा. सास ने नहीं, उसके बाप ने भी नहीं. आपकी बाई दूसरी बार आईं, तब पहली बात यही पूछी, नाम क्या सोचा था? मैं बोली. फिर हम दोनों बहुत रोए."  खाली दुकानात कुणीतरी पितळी हंडा ठोकून पाहत होतं. "नाम लिखोगे तो लिखो," त्या म्हणाल्या. "नहीं तो मत लिखो."

जिना उतरताना मला माझी इतकी लाज वाटली, काय सांगू. तीस वर्षं ही गोष्ट मी ताठ मानेनं सांगत आले. बघा, आमच्या बाई किती मोठ्या, चूक कबूल केली! बाळ त्या गोष्टीत होतं ते फक्त नखांपुरतं आणि कातडीपुरतं. मुलगा होता की मुलगी, हेसुद्धा मी कधी विचारलं नव्हतं. बाईंना नाव माहीत होतं. ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, कारण आमच्यापैकी एकीनंही विचारलं नाही. मी श्रीधरला फोन केला आणि सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "मावशी, लिही. पाटीवरची ओळ मी काढतो."  मी फोन ठेवला.

परवाच्या शनिवारी चार वाजता आम्ही सगळे बसलो. बाई गेल्यापासून आधी कुणी बोलायचं ते ठरलेलं नव्हतं, सगळ्या एकमेकींकडं बघत होत्या. नवीन लागलेली डॉक्टर मुलगी तर अंग चोरून बसली होती. मी म्हटलं, आधी मी. आणि सांगितलं की बाईंनी पहिल्या दिवशी मला एका बाळाची गोष्ट सांगितली होती, आणि त्या बाळाचं नाव विचारायचं असतं हे मला तीस वर्षं कळलं नाही. त्याचं नाव मोहन होतं. नव्या मुलीनं वही उघडली आणि ते लिहून घेतलं. यादम्मानं माझ्यापुढं बिस्किटांची बशी सरकवली, पदर खोचला आणि म्हणाली, "अब मैं बोलती."